ताप कितव्या दिवशीचा? डासांतून येणाऱ्या विषाणूंच्या तपासणीविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिकाच्या तपासण्यांचेच प्रश्न जास्त आहेत. घरात तापाचा रुग्ण असलेले पालक लिहितात, तालुक्याच्या ठिकाणी नमुने घेणारे तंत्रज्ञ लिहितात, एमएस्सीचे विद्यार्थी आणि शाळेतले शिक्षकही लिहितात. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलीला ताप आला. दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये कार्ड टेस्ट केली. एनएस१ आणि आयजीएम दोन्ही निगेटिव्ह आले, आम्ही निर्धास्त झालो. सहाव्या दिवशी प्लेटलेट्स घसरल्या आणि आयजीएम पॉझिटिव्ह आला. पहिला रिपोर्ट चुकला होता का? (एक पालक, सातारा)

उत्तर : आयजीएमचा रिपोर्ट चुकला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो निगेटिव्हच यायचा. आयजीएम म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेले प्रतिपिंड, आणि ते बनायला वेळ लागतो. डेंग्यूच्या साधारण निम्म्या रुग्णांत ते तापाच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत दिसू लागते, पाचव्या दिवसापर्यंत सुमारे ८० टक्क्यांत आणि दहाव्या दिवसापर्यंत जवळजवळ सर्वांत. त्यामुळे दुसऱ्या दिवसाचा निगेटिव्ह आयजीएम एवढेच सांगतो की अजून वेळ झालेली नाही.

एनएस१चे गणित वेगळे आहे. हे विषाणूचे स्वतःचे प्रथिन. संसर्ग झालेल्या पेशी ते रक्तात सोडतात, म्हणून पहिल्या दिवसापासून साधारण नवव्या दिवसापर्यंत ते सापडू शकते. तरी तुमच्या मुलीत ते का सापडले नसावे? दोन कारणे संभवतात. एक, तिला पूर्वी कधीतरी डेंग्यू होऊन गेला असेल, कदाचित कुणाच्या लक्षातही न येता. अशा दुसऱ्या संसर्गात जुनी प्रतिपिंडे लगेच जागी होतात, एनएस१ला चिकटून त्याला झाकून टाकतात आणि चाचणीला ते दिसत नाही. दुसरे, कार्डवरची झटपट चाचणी प्लेटवरच्या एलायझापेक्षा (प्रयोगशाळेत रंगावरून प्रतिपिंड किंवा प्रथिन शोधणाऱ्या चाचणीपेक्षा) कमी संवेदनशील असते. म्हणूनच राष्ट्रीय कार्यक्रमात कार्डवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण ‘संभाव्य’ धरतात. खात्रीसाठी एलायझा करावी लागते : सुरुवातीच्या दिवसांत एनएस१ची, पाचव्या दिवसानंतर आयजीएमची.

कार्ड वाचण्याची वेळही पाहा. किटच्या कागदावर १५ किंवा २० मिनिटे लिहिलेली असतात. तासाभराने उमटलेली पुसट रेघ ग्राह्य धरायची नाही.

यापुढे एक करा. लॅबमध्ये ‘दोन-तीन दिवस झाले’ असे सांगू नका, ताप सुरू झाल्याची तारीख सांगा. काही जण पहिला दिवस शून्य धरतात, काही एक, आणि या एका दिवसाच्या फरकाने रिपोर्टचा अर्थ बदलतो. शिवाय ताप उतरल्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल सुस्त पडणे यांपैकी काही दिसले तर रिपोर्ट काहीही असो, ताबडतोब रुग्णालयात जा. सर्वांत धोक्याचा काळ नेमका ताप उतरताना येतो.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला पाठवलेले बरेच नमुने ‘तपासणीस अयोग्य’ म्हणून परत येतात. नेमके कुठे बिघडते? (लॅब टेक्निशियन, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बहुतेक वेळा रक्त काढल्यापासून सीरम (गोठलेल्या रक्तावरचा पिवळा द्रव) वेगळे करेपर्यंतच्या पहिल्या दोन तासांत.

मोठ्या माणसाचे ४ ते ५ मिली, लहान मुलाचे १ ते २ मिली रक्त साध्या, लाल टोपीच्या ट्यूबमध्ये घ्या. सुईतून जोरात दाबून सोडू नका, ट्यूबच्या भिंतीवरून ओघळू द्या. पेशी फुटल्या की सीरम लालसर होते. त्यातले हिमोग्लोबिन पीसीआरच्या (विषाणूचे जनुकीय द्रव्य वाढवून शोधणाऱ्या चाचणीच्या) एन्झाइमला अडवते आणि एलायझातही घोटाळा करते. ट्यूब उभी ठेवून खोलीच्या तापमानाला ३० मिनिटे गोठू द्या. घाईत लगेच फ्रिजमध्ये ठेवली तर गोठण नीट आकसत नाही आणि सीरममध्ये धागे राहतात. मग ३,००० आरपीएमला १० मिनिटे फिरवा आणि वरचे पिवळे सीरम स्क्रू टोपीच्या छोट्या नळीत काढून घ्या. गोठण हलवून ढवळू नका. शेवटचा थेंबभर सीरम सोडून दिलेले बरे.

फक्त प्रतिपिंडे तपासायची असतील तर २ ते ८ अंशांवर सीरम आठवडाभर टिकते. आरटी-पीसीआर करायची असेल तर इतकी सवड नाही. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, नाजूक असतो, म्हणून नमुना थंड ठेवून २४ तासांत, फार तर ४८ तासांत पोहोचवा. जमत नसेल तर उणे ७० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. घरगुती फ्रीझर स्वतःहून बर्फ वितळवणारा असला तर आतला नमुना पुन्हापुन्हा वितळतो आणि गोठतो. त्याने आरएनए तुटतो आणि आयजीएमही कमी होते. न फिरवलेले अख्खे रक्त तर कधीच गोठवू नका. पेशी फुटून सगळे वाया जाते.

पीसीआरसाठी जांभळ्या टोपीची ईडीटीए ट्यूब चालते. हिरव्या टोपीची नको, कारण तिच्यातले हेपारिन पीसीआर बंद पाडते.

पॅकिंग तीन थरांत करा. नळी, तिच्याभोवती शोषक कापूस गुंडाळून घट्ट टोपीचा डबा, आणि बाहेर आइस पॅक घातलेला थर्मोकोलचा किंवा लसीचा खोका. फॉर्म वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घाला. आत ठेवलेला फॉर्म ओला होऊन शाई पसरते, आणि नाव वाचता न येणारा नमुना तपासता येत नाही. फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, गेल्या दोन आठवड्यांतला प्रवास आणि जपानी मेंदूज्वराची लस झाली आहे का, एवढे हवेच. पुढच्या एका उत्तरात लसीचे कारण येईल.

प्रश्न : आम्ही डेंग्यू आयजीएमची कॅप्चर एलायझा करतो. कधी सगळी प्लेट निळी होते, निगेटिव्ह कंट्रोलसुद्धा (कंट्रोल म्हणजे निकाल आधीच माहीत असलेला नमुना). कधी पॉझिटिव्ह कंट्रोलचा ओडीच (रंगाच्या तीव्रतेचा आकडा) चढत नाही. किट बदलून पाहिले, फरक नाही. (सेंटिनल लॅबमधील दोन तंत्रज्ञ)

उत्तर : किट बदलून फरक पडला नाही, म्हणजे चूक बहुधा हातात, पाण्यात किंवा तापमानात आहे. प्लेटवर काय घडते ते थराथराने डोळ्यांसमोर ठेवले की चूक शोधणे सोपे जाते.

प्लेटवरच्या प्रत्येक खळग्याच्या, म्हणजे ‘विहिरी’च्या, तळाला मानवी आयजीएम पकडणारे प्रतिपिंड आधीच चिकटवलेले असते. तुम्ही १:१०० पातळ केलेले सीरम घालता, म्हणजे १० मायक्रोलिटर सीरम आणि ९९० मायक्रोलिटर बफर. त्या रुग्णाचे सगळे आयजीएम तळाला पकडले जाते, डेंग्यूचेही आणि इतरही. धुतल्यावर डेंग्यूचे अँटिजेन, म्हणजे विषाणूचे प्रथिन, घालता, ते फक्त डेंग्यूच्या आयजीएमला चिकटते. त्यावर अँटिजेन ओळखणारे बायोटिन लावलेले प्रतिपिंड, त्यावर अॅव्हिडिन-एचआरपी (बायोटिनला चिकटणारे, रंग आणणारे एन्झाइम; यालाच कॉन्ज्युगेट म्हणतात) आणि शेवटी टीएमबी (त्या एन्झाइमने निळे होणारे रसायन). एचआरपी जिथे उरले तिथे निळा रंग, आम्ल घातल्यावर पिवळा, आणि ४५० नॅनोमीटरला वाचन. मापे आणि वेळा तुमच्या किटच्या कागदावरच्याच पाळा.

आता सगळी प्लेट निळी झाली, म्हणजे एचआरपी जिथे नको तिथे राहिले. पहिला संशय धुण्यावर. प्रत्येक वेळी विहीर काठोकाठ, सुमारे ३०० ते ३५० मायक्रोलिटर भरली पाहिजे, ३० सेकंद थांबले पाहिजे, आणि हे पाच वेळा. शेवटी प्लेट उपडी करून टिश्यूच्या जाड थरावर दणकून आपटा. प्रत्येक आपटीला टिश्यूची नवी जागा घ्या. वॉशर मशीन असेल तर एकेक सुई पाहा. एक सुई क्षारांनी बुजली की प्लेटचा एकच स्तंभ सतत निळा येतो, आणि ही खूण ओळखायला अगदी सोपी असते.

दुसरा संशय पाण्यावर. वॉश बफरचे कॉन्सन्ट्रेट फ्रिजमधून काढले की तळाशी स्फटिक दिसतात. ते ३७ अंशांवर पूर्ण विरघळवून मगच पातळ करा, नाहीतर बफर कमजोर होतो. पातळ करायला डिस्टिल्ड पाणीच वापरा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन टीएमबीला आपणहून निळे करते. टीएमबी ओतायच्या डबीत आधी कॉन्ज्युगेट ठेवले होते का? तेवढा एक उरलेला थेंब सगळी बाटली निळी करायला पुरतो. टीएमबी ओतण्याआधी पांढऱ्या कागदावर धरून बघा. ते पाण्यासारखे दिसले पाहिजे. फिकट आकाशी छटा असली तरी फेकून द्या.

उलट, पॉझिटिव्ह कंट्रोलही चढत नसेल तर तीन गोष्टी तपासा. किट फ्रिजमधून काढून थेट वापरता का? सगळे घटक अर्धा तास बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आणा. थंड टीएमबी हळू चालते. इनक्युबेटरचा आकडा ३७ दाखवतो, पण आत पाण्याच्या चंबूत ठेवलेला थर्मामीटर काय दाखवतो? आणि बफरमध्ये कुणी टिकण्यासाठी सोडियम अॅझाइड घातले आहे का? अॅझाइड एचआरपीला मारते. दुसऱ्या किटमधला बफर ‘सारखाच दिसतो’ म्हणून वापरणे हे याचे नेहमीचे कारण.

कडेच्या विहिरी मधल्यांपेक्षा गडद येत असतील तर प्लेटी एकावर एक रचू नका. झाकण नीट चिकटवा आणि ओल्या टिश्यूच्या डब्यात ठेवून इनक्युबेट करा. कडेच्या विहिरी आधी तापतात आणि आधी वाळतात.

पिपेट तर दर महिन्याला तपासा. खर्च काहीच नाही. अॅनालिटिकल तराजूवर छोटी नळी ठेवा, १०० मायक्रोलिटर डिस्टिल्ड पाणी दहा वेळा सोडा आणि दर वेळी वजन लिहा. प्रत्येक वेळी ०.१ ग्रॅमच्या आसपास आले पाहिजे. सरासरी बरोबर असून आकडे वरखाली होत असतील तर हात चुकतो, आकडे एकसारखे पण कमी असतील तर पिपेट. १० मायक्रोलिटर सीरमऐवजी ७ गेले तर सीमेवरचा रुग्ण निगेटिव्ह ठरतो, आणि कंट्रोल तयार मिळतो म्हणून ही चूक कंट्रोलमध्ये कधीच दिसत नाही.

कंट्रोल सर्व ठीक असून एखाद्याच रुग्णाचा रिपोर्ट खटकत असेल, आणि त्याला संधिवात असेल, तर ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आठवा. तो स्वतः आयजीएम असतो, तळाला पकडला जातो आणि अँटिजेनची वाट न पाहता वरच्या प्रतिपिंडाला चिकटतो. तसा संशय रिपोर्टवर लिहा.

प्रश्न : एकाच मुलाचा डेंग्यू आयजीएम आणि जपानी मेंदूज्वराचा आयजीएम दोन्ही पॉझिटिव्ह. खरे कोणते? (बालरोगतज्ज्ञ, गोंदिया)

उत्तर : डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, झिका आणि वेस्ट नाइल हे सगळे फ्लेव्हीव्हायरस. त्यांची आवरणे इतकी सारखी आहेत की एकासाठी बनलेले प्रतिपिंड दुसऱ्यालाही धरते. त्यात ज्या जिल्ह्यांत मेंदूज्वराची लस दिली जाते तिथे मुलांना ९ महिने आणि दीड-दोन वर्षे या वयांत डोस मिळालेले असतात. नुकतीच लस झालेल्या मुलात नुसता सीरममधला आयजीएम फारसे काही सांगत नाही. मेंदूज्वराची शंका असेल तर मणक्यातल्या पाण्यात आयजीएम शोधा. तिथला पॉझिटिव्ह निकाल जास्त वजनाचा.

दोहोंत निवाडा करायचा तर प्लाक रिडक्शन न्यूट्रलायझेशन टेस्ट, म्हणजे पीआरएनटी. नुसते चिकटणारे नव्हे तर विषाणूला निष्क्रिय करणारे प्रतिपिंड किती आहे, हे ती मोजते. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून त्यातले कॉम्प्लिमेंट (रक्तातली इतर संरक्षक प्रथिने) निष्क्रिय करतात. मग १:१०, १:२०, १:४० असे दुपटीने पातळ करत जातात. प्रत्येक पातळीत ठरावीक विषाणू समप्रमाणात मिसळून तासभर ३७ अंशांवर ठेवतात आणि व्हेरो पेशींच्या (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींच्या) थरावर घालतात. वर कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचा घट्ट थर देतात, म्हणजे विषाणू दूर पसरत नाही, शेजारच्याच पेशी मारतो. काही दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवल्यावर जांभळ्या थरात गोल पांढरी छिद्रे दिसतात. ती मोजायची. सीरम नसलेल्या विहिरीत ४० छिद्रे असतील तर ज्या सर्वांत पातळ सीरमने ती २० किंवा कमी केली, तो ५० टक्क्यांचा टायटर.

इथे दोन चुका नेहमी होतात. समप्रमाणात विषाणू मिसळल्यावर १:१०चे १:२० होते. काही लॅब मिसळण्याआधीचा आकडा लिहितात, काही नंतरचा. दोन लॅबचे आकडे ताडून पाहण्याआधी हे विचारून घ्या. दुसरी चूक, विषाणूचे प्रमाण. विहिरीत १०० छिद्रे झाली तर ती एकमेकांत मिसळतात आणि मोजता येत नाहीत. १०च असली तर एका छिद्राचा फरक निकाल फिरवतो. ३० ते ५० चांगली.

तुमच्या रुग्णात डेंग्यूचा टायटर १:२० आणि मेंदूज्वराचा १:३२० आला तर उत्तर मेंदूज्वर. चारपट किंवा जास्त फरक असेल तरच निवाडा द्यायचा असा संकेत आहे. दोन्ही १:१६०च्या आसपास आले तर ‘फ्लेव्हीव्हायरस संसर्ग, नेमका कोणता ते ठरवता येत नाही’ असेच लिहावे. अंदाजाने नाव घालू नये. ज्याला आधी एक फ्लेव्हीव्हायरस होऊन गेला आहे त्याच्यात हे वरचेवर घडते. आणि जिवंत विषाणूवर चालणारी ही चाचणी फक्त योग्य जैवसुरक्षा पातळीच्या संदर्भ प्रयोगशाळेतच होते, निकालाला आठवडा किंवा अधिक लागतो. उपचार तिच्यासाठी थांबवू नयेत.

प्रश्न : चिकुनगुन्या होऊन तीन महिने झाले. सांधे दुखतात. आयजीएम अजून पॉझिटिव्ह आहे. विषाणू अंगात आहे का? (वाचक, बार्शी)

उत्तर : आयजीएम पॉझिटिव्ह असण्यावरून तसे म्हणता येत नाही. हे प्रतिपिंड काही महिने रेंगाळते. रक्तातला विषाणू साधारण पहिल्या आठवड्यात सापडतो. आता पुन्हापुन्हा आयजीएम करून पैसे घालवू नका, सांध्यांसाठी डॉक्टरांना दाखवा. चिकुनगुन्या हा अल्फाव्हायरस, डेंग्यूच्या कुळातला नाही, त्यामुळे वरच्या उत्तरातला गोंधळ या दोघांत होत नाही. आणि तुमच्या बार्शीचे नाव या रोगाच्या इतिहासात आहे : १९७३ मध्ये तिथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर देशात हा रोग पुन्हा मोठ्या प्रमाणावर पसरला तो थेट २००५-०६ मध्ये.

प्रश्न : डेंग्यूचा प्रकार ओळखण्यासाठी नेस्टेड, म्हणजे दोन फेऱ्यांची, आरटी-पीसीआर केली. जेलवर १०० बेस जोड्यांच्या (तुकड्याच्या लांबीचे माप) खाली पुसट पट्टा आला. गाइड म्हणतात डेंग्यू-२. मला शंका आहे. दुसरे, रिअल-टाइममध्ये सीटी (कितव्या चक्रात विषाणू दिसू लागला तो आकडा) ३७ आली तर काय समजायचे? (एमएस्सी विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : शंका योग्य आहे. १९९२ पासून वापरात असलेल्या या पद्धतीत पहिल्या फेरीचा तुकडा ५११ बेस जोड्यांचा. दुसऱ्या फेरीत डेंग्यू-१चा ४८२, डेंग्यू-२चा ११९, डेंग्यू-३चा २९० आणि डेंग्यू-४चा ३९२. डेंग्यू-२चा ११९चा पट्टा प्रायमरच्या (पीसीआर सुरू करून देणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) आपसांत जुळण्याने होणाऱ्या पट्ट्याच्या अगदी जवळ येतो. १ टक्क्याच्या अगारोजमध्ये हे दोन वेगळे दिसतच नाहीत. ३ टक्के जेल घ्या, ५० बेस जोड्यांचा लॅडर (लांबी ताडायची मोजपट्टी) घ्या, शेजारी खात्रीचा डेंग्यू-२ कंट्रोल लावा आणि जेल जास्त वेळ चालवा. विना-टेम्प्लेट (नमुना न घातलेल्या) कंट्रोलमध्येही तोच पट्टा असेल तर तो प्रायमरचा. गाइडना हे जेल दाखवा, बोलण्यापेक्षा ते चांगले पटेल.

नेस्टेडचा खरा शत्रू म्हणजे पहिल्या फेरीचे उत्पादन. त्याची नळी उघडली की अब्जावधी प्रती हवेत, हातमोज्यांवर, पिपेटच्या दांड्यावर जातात. मास्टर मिक्स एका खोलीत, आरएनए दुसऱ्या, उत्पादन तिसऱ्या. पिपेट, ॲप्रन आणि हातमोजे त्या-त्या खोलीचेच. माणूस स्वच्छ खोलीकडून मळक्या खोलीकडे जाईल, त्याच दिवशी परत फिरणार नाही.

सीटी ३७ ही पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह म्हणण्याआधी वक्ररेषा पाहा. घातांकी चढण स्पष्ट आहे की रेघ नुसती तिरपी सरकली आहे? अंतर्गत कंट्रोल ठीक आहे का? मग त्याच सीरममधून आरएनए नव्याने काढून दोन विहिरींत पुन्हा लावा. पुन्हा आली आणि नमुना सहाव्या-सातव्या दिवसाचा असेल तर ती खरी असू शकते, कारण तोवर विषाणू ओसरत असतो. नमुना दुसऱ्या दिवसाचा असताना ३७ आली तर मात्र दूषितीकरणाचा किंवा खराब आरएनएचा शोध घ्या.

एक सूचना प्राणाची आहे. आरएनए काढण्याच्या पहिल्या बफरमध्ये ग्वानिडिन असते. त्या कचऱ्यात कधीही ब्लीच ओतू नका. विषारी वायू निघतात. त्याची बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

प्रश्न : जगभर वापरली जाणारी डासाची पेशीरेषा (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी) पुण्यात तयार झाली हे खरे आहे का? (विज्ञान शिक्षक, नाशिक)

उत्तर : मूळ रेषा, होय. पुण्यात १९५२ मध्ये सुरू झालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी एडीस अल्बोपिक्टस आणि एडीस इजिप्ती या डासांच्या नुकत्याच अंड्यांतून निघालेल्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या आणि १९६७ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. १९७८ मध्ये इगाराशी यांनी सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींतून डेंग्यू आणि चिकुनगुन्याला विशेष संवेदनशील असलेला एक क्लोन निवडला. तोच आज सगळीकडे वापरला जाणारा सी६/३६. या पेशींना माणसाचे ३७ अंश नकोत, २८ लागतात.

त्यात विषाणू इतका छान का वाढतो याचे एक कारण २०१० मध्ये कळले. डास आपल्या पेशींत आरएनए इंटरफिअरन्सने, म्हणजे विषाणूचा आरएनए कापून, विषाणूला रोखतो, आणि सी६/३६मध्ये ही यंत्रणा बिघडलेली आहे. म्हणून विषाणू वेगळा काढायला ही रेषा उत्तम, पण ‘डास विषाणूशी कसा लढतो’ हे शिकायला तिच्यावर भिस्त ठेवू नये. त्यासाठी इजिप्तीपासून केलेली एएजी२ बरी. सिंग यांचे काम पाठ्यपुस्तकांत यायला हवे असे आम्हांला मनापासून वाटते.

प्रश्न : शाळेत मुलांकडून डासांच्या अंड्यांचे सापळे लावून घ्यायचे आहेत. धोका न होता कसे करावे? (शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : अर्ध्या लिटरचा काळा डबा घ्या, किंवा पांढरा डबा बाहेरून आतून काळा रंगवून पूर्ण वाळवा. काठाखाली तीन बोटांवर एक भोक पाडा, म्हणजे पावसाने डबा भरून पट्टी बुडणार नाही. निम्मा भरेल इतके पाणी घाला. आत जाड खादीची किंवा टीपकागदाची पट्टी डब्याच्या भिंतीला क्लिपने लावा, तिचा खालचा भाग पाण्यात आणि वरचा बाहेर. एडीसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर खरखरीत जागी अंडी घालते. गुळगुळीत प्लास्टिकवर ती फारशी बसत नाही.

साध्या पाण्यापेक्षा गवताचे पाणी चांगले. लिटरला ४-५ ग्रॅम वाळके गवत सात दिवस झाकून भिजवा, गाळा, आणि एक भाग हे पाणी नऊ भाग साध्या पाण्यात मिसळा. सगळ्या सापळ्यांत एकाच दिवशी केलेले पाणी वापरा, नाहीतर तुलना फसते.

डबे सावलीत, गुडघ्याच्या उंचीच्या आत, वाऱ्यापासून आडोशाला. वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात किंवा कुंड्यांमागे. आणि आता सर्वांत महत्त्वाचे : पाचव्या दिवशी सापळा उचललाच पाहिजे. एडीस अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उष्णतेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. विसरलेला सापळा डासांची नर्सरी होतो. दिवाळीच्या सुट्टीत सापळे लावूच नका. प्रत्येक डब्याला क्रमांक, एका मुलाचे नाव आणि उचलण्याची तारीख द्या. उचलताना पाणी मातीवर ओता, नाल्यात नको.

पट्टी भिंगाखाली पाहिली तर अर्धा-एक मिलिमीटरची, चिरुटासारखी निमुळती काळी अंडी दिसतात, कधी एकेकटी, कधी ओळीने. ज्या डब्यांत अंडी सापडली त्यांना एकूण डब्यांनी भागून शंभराने गुणा. २० पैकी ७ डब्यांत सापडली तर निर्देशांक ३५ टक्के. मोजून झाल्यावर पट्टी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे टाका. नुसती उन्हात वाळवू नका. ही अंडी कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. अंडी फोडून अळी पाळायचे काम शाळेत करू नये.

प्रश्न : पकडलेल्या डासांत विषाणू आहे का हे तपासताना डास एकत्र करून पीसीआर करतात. ‘किमान संसर्ग दर’ कसा काढायचा? आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे तो डास रोग पसरवतो असे म्हणायचे का? (कीटकशास्त्र विभागातील कर्मचारी, ठाणे)

उत्तर : जिवंत डास आधी बर्फावर किंवा थंड पाटीवर बेशुद्ध करा. पाटी गरम झाली तर डास मरतो आणि त्याच्यातला आरएनएही जातो. भिंगाखाली ओळखा : पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी खूण असेल तर इजिप्ती, मधोमध एकच पांढरी रेघ असेल तर अल्बोपिक्टस. मग जात, ठिकाण, तारीख आणि लिंग यांनुसार २५-२५चे गट करा. रक्त प्यायलेल्या माद्या वेगळ्या ठेवा, कारण तिच्या पोटातले रक्त रुग्णाचे असेल तर सापडलेला विषाणू तिचा म्हणता येणार नाही. गट फार मोठा केला तर कीटकाच्या शरीरातले घटक पीसीआरला अडवतात, म्हणून प्रत्येक बॅचमध्ये कंट्रोल आरएनए घातलेली एक नळी ठेवा.

किमान संसर्ग दर म्हणजे पॉझिटिव्ह गट भागिले एकूण डास, गुणिले हजार. ४० गट, प्रत्येकी २५, म्हणजे १,००० डास. ३ गट पॉझिटिव्ह, तर दर हजारी ३. ‘किमान’ का, तर एका पॉझिटिव्ह गटात एकच बाधित डास धरलेला असतो. खरा आकडा जास्त असू शकतो. गटांतली संख्या असमान असेल तर हे सूत्र अपुरे पडते, तेव्हा संख्याशास्त्रज्ञाकडून कमाल संभाव्यता पद्धतीने काढून घ्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. अख्ख्या डासातला आरएनए एवढेच सांगतो की विषाणू त्याच्या शरीरात होता. तो आतड्यातून पुढे गेला का, हे पायांत शोधतात. चावताना बाहेर पडेल का, हे लाळेत. प्रयोगशाळेत मादीची सोंड बारीक केशनळीत घालून ही लाळ गोळा करतात आणि तिच्यात जिवंत विषाणू आहे का ते पाहतात. नरांच्या गटात विषाणू सापडला तर वेगळी नोंद करा. नर रक्त पीत नाही, त्यामुळे तो बहुधा आईकडून अंड्यातून आला असणार, आणि तशी अंडी वाळक्या रांजणातही टिकून राहतात.

प्रश्न : मी पाच महिन्यांची गरोदर आहे. ताप आणि अंगावर पुरळ आहे. डेंग्यूचे कार्ड निगेटिव्ह आले, म्हणजे झिका नाही ना? (वाचक, पुरंदर तालुका)

उत्तर : डेंग्यूचे कार्ड झिकाविषयी काहीच सांगत नाही. आजच सरकारी रुग्णालयात जा, गरोदर असल्याचे आणि ताप व पुरळ कोणत्या तारखेला सुरू झाले ते सांगा आणि झिकाची आरटी-पीसीआर मागा. सीरम आणि लघवी दोन्ही द्या. लघवीत विषाणूचा आरएनए सीरमपेक्षा जास्त दिवस, साधारण दोन आठवड्यांपर्यंत सापडू शकतो. लघवी स्वच्छ, कोरड्या, निर्जंतुक डबीत घ्या आणि लगेच थंड ठेवा. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण तुमच्याच तालुक्यात, बेलसरला, जुलै २०२१ मध्ये सापडला होता, त्यामुळे तिथल्या आरोग्य यंत्रणेला ही तपासणी नवी नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी सोनोग्राफी आणि पुढच्या भेटी डॉक्टर सांगतील तशा करा. दिवसाही मच्छरदाणी वापरा, एडीस डास दिवसा चावतो.